त्याच्या फोनमधला आपला वाटा



हा अंक मृत्युपत्रावर काढायचं ठरलं तेव्हा बैठकीत थोडी कुजबुज झाली. "आपल्या बायकांकडे असतं काय म्हणून त्या मृत्युपत्र करणार?" असं एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली. प्रश्न खोटा नाही. इस्टेट, वारस, मृत्युपत्र हे शब्द आले की डोळ्यांसमोर वाडा येतो, बागायती जमीन येते, बंगला येतो. आणि यातलं काहीच आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईच्या नावावर नसतं. पण गेली काही वर्षं केंद्रात बसताना मला सारखं जाणवतं आहे की घरातल्या मालमत्तेने जागा बदलली आहे. कपाटातल्या पत्र्याच्या पेटीतून निघून ती नवऱ्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये गेली आहे. पेटीची किल्ली निदान घरात कुठेतरी असायची. या पेटीचं कुलूप त्याच्या अंगठ्याने उघडतं.

केंद्रात आलेल्या एका बाईचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नवरा एका कारखान्यात कंत्राटी कामगार, रात्रपाळीहून येताना अपघातात गेला. वय चाळीसच्या आत, दोन मुली. दहाव्याच्या आधीच दिराने फोन ताब्यात घेतला, "हिशेब बघायला." ती आमच्याकडे आली चार महिन्यांनी. तिला नवऱ्याचं एक बँक खातं माहीत होतं, तेही मुलीच्या शिष्यवृत्तीच्या निमित्ताने. तिथे गेली तर काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, "नॉमिनी तुमच्या सासूबाई आहेत, तुमचा संबंध येत नाही." ती घरी परत गेली. कुणी भांडलं नाही, कुणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. नुसतं सांगितलं नाही, एवढंच. आपण हिंसेची व्याख्या करताना मारहाणीपासून सुरुवात करतो. काहीच न सांगणं हीसुद्धा बाईचा हक्क बुडवण्याची रीत आहे. तिची कुठे नोंद होत नाही.

आम्ही तिला आधी पासबुक भरून आणायला सांगितलं. गेल्या दोन वर्षांच्या नोंदी ओळीने वाचल्या. एका जागी ४३६ रुपये वजा झालेले दिसले, दुसरीकडे २० रुपये. हे आकडे प्रत्येक कार्यकर्तीने पाठ करावेत असे आहेत. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता, २० रुपये म्हणजे सुरक्षा विम्याचा. पहिल्यात मृत्यूनंतर दोन लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यू असेल तर आणखी दोन लाख. खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, हप्ता दर वर्षी आपोआप कापला जातो, घरात कुणाला पत्ता नसतो. या बाईच्या नवऱ्याचे दोन्ही हप्ते भरलेले होते. आणखी खाली दर महिन्याला पाचशे रुपये म्युच्युअल फंडात जात होते. पगाराच्या चिठ्ठीवर पीएफचा आकडा होता. पीएफ असला की त्याच्याबरोबर कामगाराच्या मृत्यूचा विमा येतो, तो आज सात लाखांपर्यंत आहे, आणि विधवेची पेन्शनही येते. हे सगळं त्या फोनमध्ये होतं, आणि तो फोन दिराकडे होता.

आता त्या 'नॉमिनी'विषयी, कारण निम्म्या बायका याच शब्दापाशी परत फिरतात. माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात वारसा कायदा दीड तासात उरकला होता. नॉमिनी हा शब्द मी बँकेच्या फॉर्मवरच शिकले. नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात द्यायचे तो माणूस. मालक तो नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. नॉमिनी पैसे घेतो तो वारसांसाठी. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना प्रत्येकी सारखा वाटा मिळतो. म्हणजे वरच्या उदाहरणात सासूचा हक्क चौथ्या भागाचा, उरलेले तीन भाग सून आणि दोन नातींचे. विम्यात २०१५ पासून एक फरक झाला आहे, तोही लक्षात ठेवा: आईवडील, पती, पत्नी किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला नॉमिनी केलं असेल तर ती रक्कम साधारणपणे त्यांचीच होते. म्हणून लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर आईचं नाव तसंच राहिलं असेल तर सुनेची बाजू खरोखरच कमजोर पडते. पीएफचा नियम मात्र बाईच्या बाजूचा आहे. लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर रद्द ठरतं.

लग्न झालं की रेशनकार्डात नाव घालायला आपण धावपळ करतो. नॉमिनीच्या रकान्यात नाव घालायला कुणी धावत नाही, बाई स्वतःसुद्धा नाही. नवऱ्याला विचारलं तर "माझ्या मरणाची वाट बघतेस का" हे उत्तर ठरलेलं. या वाक्याने किती बायकांची तोंडं बंद केली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आता तर नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीवर चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. आई की बायको असा पेच राहिलेला नाही. दोघींची नावं घाला, भांडण नको. त्याहून सोपा उपाय म्हणजे खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीचं.

मृत्यू होऊन गेला असेल तर काय करायचं, तेही थोडक्यात सांगते. नवऱ्याचं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. त्यावर रिचार्ज चालू ठेवा. सुमारे ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे परक्या माणसाला दिला जातो, मग बँकांचे निरोप त्याच्याकडे. पण निरोप वाचणं वेगळं आणि त्या फोनवरून पैसे काढणं वेगळं. त्याचा पिन माहीत आहे म्हणून त्याच्या यूपीआयवरून किंवा एटीएममधून पैसे काढू नका, अगदी हक्काचे असले तरी. बाराव्याचा खर्च भागवायला म्हणून काढलेले दहा हजार वर्षभराने कोर्टात "सुनेने परस्पर पैसे उचलले" म्हणून पुढे येतात. दिराने काढले असतील तर बँकेचा उतारा तारखांसकट मागून घ्या, मृत्यूच्या तारखेनंतरची प्रत्येक नोंद त्याच्याविरुद्ध पुरावा आहे. नवऱ्याच्या पॅनकार्डाच्या नंबरवर शेअर आणि म्युच्युअल फंड यांचं एकत्र विवरण निघतं. जुन्या, विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाची सोय सुरू केली आहे, नाव घालून शोधता येतं. दहा वर्षं पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते खरी, पण तिच्यावरचा वारसाचा हक्क संपत नाही.

आणि कर्ज. त्या फोनमध्ये फक्त पैसे नसतात, हप्तेही असतात. ॲपवरून पाच मिनिटांत घेतलेलं कर्ज, उसनवारी, कधी ऑनलाइन जुगारातलं देणं. वसुलीवाले फोनमधले नंबर बघून बायकोला, मेहुणीला, शाळेतल्या शिक्षिकेला फोन करतात. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. बाईने सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली नसेल तर स्वतःच्या कमाईतून, स्त्रीधनातून तिने एक रुपया देणं लागत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून केंद्राच्या भिंतीवर लावा.

इथपर्यंत मी नवऱ्याच्या पैशांविषयी बोलले. आता आपल्या. कारण बैठकीतल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बचत गटाचं खातं, घरकामाच्या पगाराचं खातं, लाडकी बहीणचे दीड हजार, शिवणकामाचे यूपीआयवर येणारे पैसे, अंगणवाडीचं मानधन. रक्कम थोडी असेल, पण ती तिच्या नावावर आहे. ती बाई गेली तर ते कुणाचं?

१९५६ च्या कायद्याचं कलम १५ वाचून दाखवलं की शिबिरात नेहमी एक शांतता पसरते. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता मुलं आणि नवऱ्याकडे जाते. ते नसतील तर जाते नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे आईवडील त्यांच्या मागे. नारायणीदेवीचा खटला आठवा. १९५५ मध्ये लग्न, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी तिला हाकलून दिलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. मागे बँकेतली खाती आणि पीएफ, सगळं तिच्या कष्टाचं. आईने हक्क सांगितला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो नणंदेच्या मुलांच्या बाजूने, ज्या घराने चाळीस वर्षं तिची विचारपूसही केली नव्हती. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली आणि कायदा आहे तसा लावला. कलम तसंच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच बायकांना आवाहन करावं लागलं की मृत्युपत्र करा. कलम बदलायची मागणी आपण सोडायची नाही, पण ते बदलेपर्यंत मरायचं थांबता येत नाही.

ज्यांची नाती कायदा मोजतच नाही त्यांना तर मृत्युपत्राशिवाय दुसरा आधारच नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या, दुसरेपणावर दिलेल्या, बाईबरोबर संसार करणाऱ्या मैत्रिणी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वर आलंच आहे. त्यामुळे नामांकन आणि मृत्युपत्र दोन्ही करावं लागेल.

मृत्युपत्राला वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, शुद्धीवर असताना लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा आणि दोन साक्षीदारांनी आपल्या देखत सही करायची. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं. ज्याला काही देणार त्याला साक्षीदार करू नये. मुस्लिम भगिनींना वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं, उरलेलं शरियतप्रमाणे वाटलं जातं. एक गंमत बघा: मालमत्ता सगळी फोनमध्ये, पण मृत्युपत्र फोनमध्ये करून चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधून मृत्युपत्र वगळलेलं आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप किंवा व्हिडिओ म्हणजे मृत्युपत्र नव्हे. कागदच हवा.

त्या कागदात काय लिहायचं? "माझी सर्व बँक खाती, पीएफ, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट, ऑनलाइन खाती आणि त्यातले फोटो, पत्रं, लेखन" असं स्पष्ट लिहा आणि कोणाला द्यायचं ते लिहा. पासवर्ड आणि पिन त्यात कधीही लिहू नका. मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हातात जातं. कोणती खाती कुठे आहेत याची यादी वेगळ्या वहीत, आणि ती वही कुठे आहे हे एका विश्वासाच्या माणसाला माहीत असावं. क्रिप्टोसारखं काही असेल (सरकार २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, म्हणजे ती मालमत्ता आहे हे सरकारला मान्य आहे) तर त्याची बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली हरवली की कुणालाही, कोर्टालाही, ते पैसे परत आणता येत नाहीत.

इथे मला एक इशारा द्यायचा आहे. अलीकडे पैशांचं मार्गदर्शन करणारी मंडळी सांगतात, "पतीपत्नीने एकमेकांचे पासवर्ड एकमेकांना द्यावेत." मी आमच्या केंद्रात हे सांगत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दर काही बायकांमागे एकीचा नवरा तिचा फोन रोज तपासतो, तिचे निरोप वाचतो, तिचा पगार खात्यात पडताच स्वतःच्या खात्यावर वळवतो. तिच्या दृष्टीने पासवर्ड हे घराचं शेवटचं दार आहे, जे आतून लावता येतं. मालमत्ता कुठे आहे हे सांगणं आणि जिवंतपणी तिची किल्ली देणं यात फरक आहे, आणि कार्यकर्तीने शिबिरात तो फरक समजावल्याशिवाय यादी करायला सांगू नये. ज्या घरात मारहाण आहे तिथे वही घरात ठेवायचीच नाही. बहिणीकडे, मैत्रिणीकडे, बंद लिफाफ्यात केंद्राकडे.

फोनमध्ये पैशांहून मोलाचंही काही असतं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू होतो तेव्हा तिचा फोन सासरी असतो आणि माहेरचे दारात उभे असतात. तिने आईला पाठवलेले निरोप आईच्या फोनवर तरी मिळतात, पण तिने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं, जखमांचे काढलेले फोटो, रेकॉर्ड केलेली भांडणं? पंचनाम्यात मोबाईल लिहून घेतला आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. चौथ्या दिवशी तो "हरवलेला" असतो. हुंडा प्रतिबंधक कायद्यात एक विसरलेली तरतूद आहे: अशा मृत्यूनंतर तिला हुंडा म्हणून दिलेलं सगळं मुलांचं, मुलं नसतील तर तिच्या आईवडिलांचं होतं. त्याची यादीही बहुधा तिच्याच फोनमध्ये असते.

यासाठी जिवंतपणीच एक काम करता येतं. गूगलच्या खात्यात २०१३ पासून अशी सोय आहे की खातं तीन ते अठरा महिन्यांपैकी आपण ठरवू तितके दिवस वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि त्यांना फोटो, पत्रं मिळतात. दहा जणांपर्यंत नेमता येतात. नवऱ्याचंच नाव द्यायला हवं असं कुठेही नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. फेसबुक आणि ॲपलकडेही अशा सोयी आहेत. काहीच केलं नाही तर गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसून टाकू शकतं. आपल्या चळवळीतल्या कितीतरी जणींची पत्रं, भाषणं, सभांचे फोटो आता अशा खात्यांतच आहेत. कागदी दप्तर वाळवी खायची तेव्हा अर्धं तरी वाचायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मृत्यूनंतर किंवा अपंगत्व आल्यावर आपल्या माहितीचे हक्क वापरायला कुणालाही नामनिर्देशित करायचा अधिकार दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या हक्कासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. आपण पाठपुरावा केला नाही तर तो कागदावरच राहील.

सरकारच्या बाबतीत मला फार आशा नाही, पण मागणी तर करायलाच हवी. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीला पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्यांनी तो कुठून आणायचा? ओरड झाल्यावर मुदत वाढवून अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली. योजना बायकांची आणि किल्ली पुरुषाच्या नंबरावर, हे कुणा अधिकाऱ्याला खटकलं नव्हतं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पुढची पायरी म्हणून अशा ठरावांत एक ओळ वाढवता येईल: नवरा गेल्यावर त्याचा फोन आणि कागदपत्रं बायकोच्या ताब्यात राहतील. मृत्यूचा दाखला देताना ग्रामसेवकाने तिच्या हातात दावे कुठे करायचे याची छापील यादी द्यावी. खर्च एका कागदाचा आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत बायकांची नावं सातबाऱ्यावर चढली, १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, देशाने तो २००५ मध्ये दिला. त्या वेळीही गावागावांत जाऊन एकेक नाव चढवावंच लागलं होतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने एक मोजणी करून आणावी. आपल्या गटातल्या किती जणींना नवऱ्याची सगळी बँक खाती माहीत आहेत, किती जणींचं नाव त्याच्या नॉमिनीच्या रकान्यात आहे, आणि स्वतःच्या खात्यावर त्यांनी कुणाचं नाव लिहिलं आहे. बायकांची नावं नकोत, फक्त आकडे. पासबुक जवळ असेल तर भरून आणा, ४३६ आणि २० च्या नोंदी बैठकीतच शोधू. सुरुवात कार्यकर्त्यांनी स्वतःपासून करायची आहे, माझ्यासकट. माझं मृत्युपत्र लिहून झालं आहे, साक्षीदार म्हणून दोघींच्या सह्या बाकी आहेत. बैठकीलाच घेईन.